नागकन्येचे पत्ते

गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर,
आकाशपाळण्याच्या मागल्या अंगाला
एक निळा तंबू असायचा, ठिगळांचा.
आत टेबलावर परातीएवढं वेटोळं
आणि वेटोळ्यावर मुलीचं डोकं.
वेणीत अबोली. नाकात खडा.
कर्ण्यातून एक बाई सांगायची,
आईबापाचा शब्द मोडला, म्हणून ही अशी.

टेबलाखाली आरसे आहेत
हे साखर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
मलाही. मी दहा वर्षांची.
मामय्याला जरा जास्तच ठाऊक:
आरसा कुठल्या कोनात टेकवलाय,
डाव्या पायाशी काच कुठं तडकलीय,
पहिल्याच संध्याकाळी त्यानं बोटानं दाखवलं मला
आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिकीट काढलं.
तिसऱ्याही.

मामय्या, म्हणजे राजेशम गाजूल,
कारखान्यांना नक्षी काढून द्यायचा.
चौकटींच्या कागदावर लाल पेन्सिल.
मोर, कमळ, फार तर हरणांची जोडी.
त्या महिन्यात कागद कोराच राहिला.

अत्तम्मानं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
ठसकाच लागेना.
"बघ," ती म्हणाली, "केवढी भूल पडलीय."
शेजारचा इरण्णा ओट्यावरनं हसला,
"काय बघलालास बे रोज रोज? आरसा हाय बे त्यो."
"आरसाच बघतोय," मामय्या म्हणाला.
तेही खरं नव्हतं.
मी त्याचे ओठ हलताना पाहिले होते,
ओकटी, रेंडू, मूडू,
खवल्याला किती चौकटी, हनुवटीला किती,
पापणी मिटली की किती उरतात.

एकदा तीच बोलली. कर्णा बिघडला होता,
गर्दी मौत का कुआँकडे गेलेली.
"शेंगा हायत का वो तुमच्याकडं?"
फ्रॉकच्या खिशातल्या मूठभर मी दिल्या,
दिल्या म्हणजे टेबलावर ठेवल्या.
तिला हात नव्हते ना.
मग मामय्यानं माझा खांदा धरून मला वळवलं
आणि स्वतःही वळला.
आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो,
तिला खाता यावं म्हणून.
मागं टरफलं फुटत होती, हळूहळू,
पाहुण्यांच्या घरी खावं तशी.

गड्डा उठला. तंबू कुणी म्हणे बार्शीकडं गेला,
कुणी म्हणे विजापूरला.
तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता.
माझ्याकडे सतराशे चाळीस होते,
पुठ्ठ्याचे, जकार्डवर चढायचे.
मामय्या चौकट वाचायचा, मी ठोकायची.
लाल, भोक पाड. कोरी, सोड.
लाल. लाल. कोरी.
दुपारी पत्रा तापायचा, पेठेतले माग कान फोडायचे,
आणि ती माझ्या बोटांखालून
एकेक भोक करत शेपटीकडून वर चढायची.

शेठ म्हणाला, बैठकीत नाग कोण लावणार?
मोर काढा.
एकच नग विणला गेला.
मामय्यानं पुढं पुष्कळ मोर काढले.

तो नग आता दत्त नगरला, माझ्या घरी, फ्रिजच्या वर.
त्याची मागची बाजू मी कितीदा झटकलीय,
सुटलेले धागे, गाठी, कसरीनं खाल्लेला कोपरा.
डाव्या डोळ्यात एक भोक मीच चुकवलंय,
कुठल्या पत्त्यावर, तेही सांगते: अकराशे सहा.
मला सगळं ठाऊक आहे.

तरी संध्याकाळी लाईट जाते,
आणि येते, त्या एवढ्याशा फटीत
ती पापणी हलवते.
मी, नातवंडं असलेली बाई,
हातातलं पातेलं खाली ठेवते
आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहते
थोडा वेळ,
तिच्या शेंगा संपेपर्यंत.